पाचट राखा, जमीन राखा

(जागतिक मृदा दिनानिमित्त ऊस उत्पादकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



५ डिसेंबर हा दिवस २०१४ सालापासून जागतिक मृदा दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे हा दिवस अगदी नेमक्या वेळी येतो. कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते, तोडणीच्या टोळ्या फडात असतात आणि संध्याकाळी कोणत्याही गावच्या शिवारात नजर टाकली तर दोन-चार ठिकाणी धूर दिसतो. आज इकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मी तो धूर पाहिला. म्हणून मृदा दिनावर व्याख्यान न देता त्या धुराबद्दलच बोलावे असे ठरवले.

मी हे उपदेश म्हणून सांगत नाही. आमच्या घरची जमीन कालव्याखालची. ऊस तुटला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वडील वाऱ्याची दिशा पाहायचे आणि काडी माझ्या हातात द्यायचे. पेटलेले शेत पाहताना मुलांना मौज वाटायची. दुसऱ्या दिवशी शेत काळे, मोकळे, स्वच्छ. बैल जुंपा, बगला फोडा, पाणी सोडा. पुढे कृषि महाविद्यालयात शिकलो, मातीचे पृथक्करण करू लागलो, आणि आमच्याच शेताची माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या आत निघाला. इतकी वर्षे मी काय पेटवत होतो, ते त्या दिवशी कळले.

जमीन थकते म्हणजे काय?

आपण म्हणतो, जमीन थकली. खताची पोती वाढवली तरी उतारा वाढत नाही. पाणी दिले की जमीन लगेच आवळते, चार दिवसांत भेगा पडतात. नांगराला ढेकळे मोठी निघतात. खोडवा पहिल्यासारखा फुटत नाही. ही सगळी लक्षणे वेगवेगळी दिसली, तरी बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकच असते. जमिनीतला सेंद्रिय कर्ब कमी झालेला असतो.

सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा, मुळांचा आणि जिवाणूंचा जमिनीत उरलेला अंश. तो मातीच्या कणांना एकत्र धरतो, त्यामुळे माती कणीदार राहते. कणांमधल्या पोकळीत हवा खेळते, पाणी मुरते आणि टिकते. दिलेले खत तो धरून ठेवतो आणि जिवाणूंना खाद्य पुरवतो. आपल्या राज्यात माती परीक्षणाच्या अहवालात ०.२० टक्क्यापर्यंत कर्ब असेल तर अत्यंत कमी, ०.२१ ते ०.४० कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० थोडा जास्त, ०.८१ ते १.०० जास्त आणि त्यापुढे अत्यंत जास्त, असे वर्ग धरतात. आपल्या मृद आरोग्य पत्रिकेत हा आकडा असतो. घरी गेल्यावर तो पाहा. नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे आपण पाहतो, पण या आकड्यावरून नजर पुढे सरकते.

आपला प्रदेश उष्ण आहे. उन्हाळ्यात उघड्या, नांगरलेल्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळून जातात. पूर्वी त्याची भरपाई होत असे. गोठ्यात जनावरे होती, उकिरडा भरत असे. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवल्या जात. उसानंतर हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड घेतला जाई. तागाची गाडणी होई. आता गोठे रिकामे झाले, उसावर ऊस येऊ लागला आणि जमिनीच्या खात्यातून नुसती उचल सुरू राहिली. ज्या खात्यात भरणा नाही आणि उचल रोजची आहे, त्याचे काय होते हे आपल्याला सांगायला नको.

ही काळजी नवी नाही. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर १९१० सालीच अहवाल लिहिला होता. इंदूरला सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काम करून शेतातील काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची पद्धत बसवली. ती पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. हॉवर्डसाहेबांनी ती आपल्या देशातल्या शेतकऱ्यांचे काम बारकाईने पाहत विकसित केली होती. आजकाल पुनरुज्जीवक शेती हा शब्द कानावर येतो. शब्द नवा असला तरी जमिनीतून घेतलेले जमिनीला परत देणे हाच त्याचा गाभा आहे.

काडी ओढली की काय जळते?

आता हिशेब करू. एका हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन वाळलेले पाचट निघते, म्हणजे एकरी ३ ते ४ टन. पाचटात सुमारे ०.४ ते ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्क्याच्या आसपास स्फुरद आणि ०.९ ते १ टक्का पालाश असते. सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. म्हणजे १० टन पाचटात ४० ते ५० किलो नत्र आणि ९० ते १०० किलो पालाश झाले. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र असते. तेव्हा हेक्टरी दोन गोण्या युरियाचे नत्र आणि तीन गोण्या पोटॅशचे पालाश आपल्याच शेतात पडलेले आहे. ते सगळे पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही हे खरे, पण ते जमिनीत राहते.

पेटवल्यावर यातील नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. गंधकाचाही मोठा भाग जातो. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण राख हलकी असते, वाऱ्याने आणि पाण्याने ती बांधाबाहेर जाते. सर्वांत मोठा तोटा कर्बाचा. हेक्टरी तीन-साडेतीन टन कर्ब तासाभरात धूर होऊन जातो. शिवाय वरच्या थरातले जिवाणू होरपळतात आणि बुडख्यांवरचे वरचे डोळे भाजतात. नंतर आपणच खोडव्यात तुटाळी पडल्या म्हणून तक्रार करतो.

पाचट ठेवले आणि खोडवा पिवळा पडला!

ही तक्रार मी अनेक गावांत ऐकली आहे आणि ती खोटी नाही. आमच्या थोरल्या बंधूंनी माझ्या सांगण्यावरून पहिल्या वर्षी अर्ध्या फडात पाचट ठेवले, अर्धा पेटवला. महिन्याभरात पाचटाचा भाग पिवळा दिसू लागला आणि पेटवलेला हिरवागार. बंधू म्हणाले, "तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव." चूक पाचटाची नव्हती, माझी होती. मी त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती.

पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे. साधारण ८० भाग कर्बाला १ भाग नत्र असे ते प्रमाण पडते. पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंना आपले शरीर वाढवायला नत्र लागते. पाचटात ते पुरेसे मिळाले नाही की ते जमिनीतले नत्र उचलतात. पिकाच्या तोंडचा घास जिवाणू खातात आणि पीक पिवळे पडते. काही महिन्यांनी जिवाणू मरतात तेव्हा तेच नत्र पिकाला परत मिळते, पण तोवर फुटव्यांचा काळ निघून गेलेला असतो. यावर उपाय सोपा आहे. जिवाणूंचा वाटा आधीच काढून द्यायचा. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन, अशी ही मात्रा आहे. एकरी ४ टन पाचट धरले तर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो संवर्धन लागेल.

दुसऱ्या वर्षी बंधूंनी तसे केले. पिवळेपणा आला नाही. उन्हाळ्यात पाण्याची पाळी दोन-तीन दिवस पुढे ढकलता येते हे त्यांचे त्यांनाच दिसले. तेव्हापासून आमच्या घरी काडी ओढली गेली नाही.

खोडव्यात पाचट ठेवण्याची रीत

१. ऊस जमिनीलगत तोडून घ्यावा. बुडखे उंच राहिले असतील तर धारदार कोयत्याने जमिनीबरोबर छाटावेत. त्यामुळे जमिनीखालचे जोमदार डोळे फुटतात. छाटलेल्या बुडख्यांवर शिफारशीतील बुरशीनाशकाची फवारणी करावी.

२. बुडख्यांवर पडलेले पाचट बाजूला ओढून सरीत दाबावे. बुडखे उन्हाला मोकळे हवेत. चार-पाच फुटी पट्ट्यात सर्व सऱ्यांत पाचट बसते. तीन-साडेतीन फुटी सरीत ते एक आड एक सरीत घालावे आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यावे. पाचटाची कुट्टी करणारे यंत्र मिळत असेल तर काम लवकर होते आणि पाचट लवकर कुजते.

३. युरिया आणि सुपर फॉस्फेट पाचटावर सारखे पसरावे. जिवाणू संवर्धन चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकावे. संवर्धन आणि रासायनिक खत एकत्र कालवू नये.

४. लगेच पाणी द्यावे. पहिले पाणी सरीतून हळू पुढे सरकते, त्याने घाबरून जाऊ नये. वाफसा आला की पाचट पायाने दाबून मातीच्या संपर्कात आणावे. पाचट ओले आणि मातीला चिकटलेले असेल तरच कुजते. वर तरंगत राहिलेले पाचट नुसते वाळत राहते.

५. खोडव्याची खते पाचटावर फेकू नयेत. पाचटावर पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल छिद्र घ्यावे, खत घालून छिद्र मातीने बुजवावे. दोन छिद्रांत एक फूट अंतर असावे. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला आणि दुसरा साधारण १३० ते १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला द्यावा. मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी.

६. बगला फोडणे, आंतरमशागत, मोठी बांधणी यांची गरज राहत नाही. तेवढी मजुरी, डिझेल आणि खुरपणी वाचते. पाचटाखाली तणही फार कमी उगवते.

सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने या विषयावर मोठे काम केले आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी शिवार फेरीत प्रत्यक्ष पाहावे.

कोठे सावध राहावे?

सरसकट सगळीकडे पाचट ठेवा असे मी म्हणणार नाही. काणी, गवताळ वाढ किंवा खवले किडीचा मोठा उपद्रव असलेल्या फडाचा खोडवाच घेऊ नये. हुमणी असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा. अशा फडातील पाचट बाहेर काढून त्याचे कंपोस्ट करावे.

पाणी साचणाऱ्या जमिनीत आधी निचरा पाहिजे. चर काढल्याशिवाय पाचट, शेणखत, जिप्सम यांपैकी कशाचाही पुरेसा उपयोग होत नाही. कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी अति पाण्याने आणि निचऱ्याअभावी क्षारपड झाल्या. सामू ८.५ च्या खाली पण क्षार जास्त असेल तर ती क्षारयुक्त जमीन. तिला चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुवून काढणे हा उपाय आहे. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण जमीन. तिला निचऱ्याबरोबर जिप्सम आणि धैंचाची गाडणी लागते. तपासणी न करता जिप्समची पोती आणू नका.

वाळलेले पाचट शेजारच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून तोडणीनंतर दिवस न घालवता ते दाबून ओले करावे आणि बांधालगतचा पट्टा साफ ठेवावा. उंदरांवरही लक्ष ठेवावे.

आणखी एक अडचण आपणच बोलून दाखवता. टोळीवाले म्हणतात, आधी फड पेटवा, मग तोडतो. तोडणी मजुराला टनावर पैसे मिळतात, पाला सोलायला त्याचा वेळ जातो, हे समजून घेतले पाहिजे. पण जळीत उसाचे वजन आणि साखर झपाट्याने घटते आणि त्याच्या दरात कपातही होते. पाला काढलेल्या स्वच्छ उसाबद्दल टोळीला काय वाढवून द्यायचे हे गावातल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून, कारखान्याच्या शेतकी विभागाला बरोबर घेऊन ठरवावे. एकट्या शेतकऱ्याला टोळीशी वाद घालणे जमत नाही.

किती वर्षे लागतील?

हा प्रश्न सरळ विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन साधारण ९ लाख किलो भरते. त्यात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ९०० किलो कर्ब जमिनीत कायम राहिला पाहिजे. एकरी ४ टन पाचटातून सुमारे १,४०० किलो कर्ब पडतो, पण त्यातला बराचसा जिवाणूंच्या श्वसनातून हवेत जातो. पाचवा हिस्सा टिकला असे धरले तर २८० किलो. म्हणजे नुसत्या पाचटावर ०.१ टक्का वाढायला तीन ते चार वर्षे लागतील, तीही मध्ये काडी ओढली नाही आणि खोल नांगरट वारंवार केली नाही तर. ०.४ चा आकडा ०.६ वर न्यायचा तर मुलगा पाचवीत असताना सुरू करावे, तो बारावीला जाईपर्यंत दिसेल.

जो कोणी एका हंगामात, एका बाटलीने जमीन सुधारून देतो म्हणतो, त्याला हा हिशेब विचारा.

तरी आकडा हलण्याआधी फरक हाताला लागतो. पाणी मुरणे, माती भुसभुशीत होणे, गांडुळे दिसणे हे पहिल्या दोन वर्षांतच जाणवू लागते. मुदत कमी करायची असेल तर जोड द्या. खोडवा मोडल्यावर जमीन उघडी ठेवू नका. पावसाच्या सुरुवातीला एकरी २० ते २५ किलो ताग पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, ४५ ते ५० दिवसांनी गाडा. उसावर ऊस न घेता मध्ये एक द्विदल पीक घ्या. मिळेल तेथे प्रेसमड चांगली कुजवून वापरा. रासायनिक खते बंद करा असे मी सांगत नाही. कर्ब वाढला की दिलेले खत वाया जात नाही आणि मग ते हळूहळू कमी करता येते.

कोरडवाहू भागातून आलेल्या मंडळींनाही हे लागू आहे. सोयाबीनचा भुसा आणि कपाशीची पऱ्हाटी पेटवू नका. पऱ्हाटी यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळा किंवा तिचे कंपोस्ट करा. बोंडअळीचा उपद्रव असेल तर ती शेतात उभी किंवा बांधावर रचून मात्र ठेवू नका. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला जमिनीत घाला. भातपट्ट्यात रायगड जिल्ह्यातील नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रूढ केले. त्यात गादीवाफ्यावर, पुन्हा नांगरट किंवा चिखलणी न करता भात घेतात आणि मागील पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. त्यात तणनाशकाचा वापर असतो, तो जपून करावा. पण मुळे उपटू नयेत हा त्यातला धडा सर्वांनी घ्यावा.

घरी करून पाहण्याच्या तीन परीक्षा

पेटवलेल्या आणि न पेटवलेल्या अशा दोन शेतांतून लिंबाएवढी वाळलेली ढेकळे आणा आणि काचेच्या दोन पेल्यांत पाण्यात अलगद सोडा. कर्ब कमी असलेले ढेकूळ काही मिनिटांत विरघळून गाळ होते, दुसरे बराच वेळ टिकते. पावसात आपल्या शेताचे काय होते ते त्या पेल्यात दिसेल.

दुसरी परीक्षा. वाफशावर एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्या, माती पोत्यावर पसरा आणि गांडुळे मोजा. आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा.

तिसरी परीक्षा. जुन्या सुती कापडाचे सारखे तुकडे दोन्ही शेतांत वीतभर खोल पुरा आणि दोन महिन्यांनी काढा. जेथे कापड अधिक कुजले तेथे जमीन जिवंत आहे.

बंधू-भगिनींनो, मी सगळ्या शेताबद्दल मागणे मागत नाही. या हंगामात फक्त दहा गुंठे राखा. तेवढ्यात पाचट दाबा, युरिया-सुपर द्या, पहारीने खत घाला आणि शेजारचे दहा गुंठे नेहमीप्रमाणे ठेवा. पाण्याच्या पाळ्या, खुरपणीची मजुरी आणि उतारा वहीत लिहा. पुढच्या वर्षी ती वही घेऊन या. मी काय म्हणालो यापेक्षा त्या वहीत काय आहे ते आपण ऐकू.

वडिलांनी माझ्या हातात काडी दिली, कारण त्यांच्या वेळी त्यांना तेच बरोबर वाटत होते. त्यांना दोष देता येत नाही. आपल्याला मात्र आता माहीत आहे. आपण मुलांच्या हातात काय देणार, ते ज्याने त्याने ठरवावे.